नाव कॉलेजचं, जीव पेठेचा

ओहायोत नोकरीला लागलो त्या पहिल्याच हिवाळ्यात गाडीचे टायर बदलायला गेलो होतो. टायरवाल्या काकांच्या टोपीवर ओहायो स्टेट विद्यापीठाचं चिन्ह, भिंतीवर त्याच टीमचं वेळापत्रक, कोपऱ्यातल्या टीव्हीवर तिचीच जुनी मॅच. ओळख वाढवावी म्हणून विचारलं, "तुमची बॅच कुठली?" काका हसले. शाळा संपल्यावर ते कुठल्याच कॉलेजात गेले नव्हते. मग मी विचारू नये ते विचारलं, "मग ही टीम तुमची कशी?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं होतं, तुमचं आडनाव तुम्ही कुठून आणलंत?

ही चूक इथे नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस करतो. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचं, डोक्यावर हेल्मेट घालून अंगावर धावून जायचं. कोलंबसमधल्या ओहायो स्टेडियममध्ये लाखावर माणसं मावतात आणि शनिवारी ती सगळी लाल-करड्या कपड्यात असतात. नावात कॉलेज आहे, म्हणजे ही सगळी त्या कॉलेजची मुलं आणि माजी मुलं असणार, असं आपण धरून चालतो. खरं तर त्या गर्दीत दोन वेगळ्या जातींचे चाहते शेजारी शेजारी बसलेले असतात. टीशर्ट एक, गाणं एक, शिव्याही त्याच. पण एक पदवीने झालेला आणि दुसरा घरातून आलेला. बाहेरच्याला दोघांतला फरक ओळखू येत नाही. त्यांना स्वतःला मात्र तो लांबूनही ओळखू येतो.

गंमत म्हणजे या दोन्ही जाती आपल्याकडे आहेत, फक्त वेगवेगळ्या गावांत. पदवीचा चाहता पाहायचा असेल तर पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर उभं राहावं. १९६३ पासून चाललेली ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. "अरे, आवाज कुणाचा?" ही आरोळी ठोकणारा त्या कॉलेजात शिकतोय किंवा शिकून गेलाय. सदाशिव पेठेतला किराणा दुकानदार पिढ्यानपिढ्या एखाद्या कॉलेजच्या नावाने घसा फोडतोय, असं काही तिथे दिसत नाही. घरचा चाहता पाहायचा तर कोल्हापूर. मी शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम असा सामना लागला की तू कुणाचा हा प्रश्नच नसतो, तुझं घर कुठे आहे एवढं कळलं की झालं. तालीम हे नाव कुस्तीचं. पण तालमीच्या नावाने घसा फोडणाऱ्या निम्म्या पोरांनी जन्मात एक जोर मारलेला नसतो. टायरवाल्या काकांचं तेच. त्यांनी वर्गाचा उंबरा ओलांडला नव्हता, माझ्या पेठेतल्यांनी आखाड्याचा.

अमेरिकन कॉलेज फुटबॉल दिसायला पुरुषोत्तम आहे आणि चालतं कोल्हापूरच्या तत्त्वावर. हे कळायला मला सात वर्षं लागली, कारण मी स्वतः पहिल्या जातीतला.

माझं एमएस टेक्सास ए अँड एमचं, कॉलेज स्टेशन नावाच्या गावातलं. पदवीचा चाहता कसा घडवतात ते तिथे उघड्यावर दिसतं, कारण तिथे ती गोष्ट नशिबावर सोडलेलीच नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांसाठी 'फिश कॅम्प' असतो, १९५४ पासूनचा. वर्ग भरायच्या आधी त्या पोरांना आरोळ्या, हातवारे आणि प्रथा शिकवून मोकळे होतात. घरच्या मॅचच्या आदल्या रात्री बारा वाजता हजारो जण स्टेडियममध्ये जमतात आणि आरोळ्यांची चक्क तालीम करतात. मॅचभर विद्यार्थी खाली बसत नाहीत. यामागची गोष्ट जानेवारी १९२२ मधली. टीममधले खेळाडू जखमी होत चालले, तेव्हा वर पत्रकारांच्या कक्षात बसलेला किंग गिल नावाचा विद्यार्थी गणवेश चढवून बाजूला तयार उभा राहिला. त्याला मैदानात उतरावं लागलंच नाही. तरीही शंभर वर्षं सगळं विद्यापीठ 'बारावा गडी' म्हणून उभं आहे. मला विचाराल तर यातलं खरं शहाणपण गोष्टीत नाही, पायांत आहे. चार तास उभं राहून ज्याचे पाय दुखले, त्याला ती टीम परकी वाटणं कठीण.

म्हणजे पदवीचा चाहता अठरा ते बावीस या वयात होतो; आमच्यासारखे एमएसवाले जरा उशिरा, आणि बरेचसे कधीच नाही, कारण शनिवारी असाइनमेंट असते. घर नुकतंच सुटलेलं असतं, नवी ओळख हवी असते आणि शेजारचा अनोळखी मुलगा तुमच्याच सुरात ओरडत असतो. प्रेम खरं तर त्या वर्षांवर बसतं आणि टीम ही त्या वर्षांची खूण होऊन राहते. "पहिली मॅच कुणाबरोबर पाहिलीस?" असं विचारलं की असा माणूस रूममेटचं नाव सांगतो.

घरचा चाहता याच प्रश्नाला उत्तर देतो, "आजोबांबरोबर." किंवा त्याला आठवतच नाही, जसं आपल्याला पहिला गणपती आठवत नाही.

या जातीचं वय वेगळं आहे. बेसबॉलबद्दल २०१४ मध्ये सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ या अभ्यासकाने फेसबुकवरच्या आवडीनिवडी तपासल्या. न्यूयॉर्क मेट्सचे पुरुष चाहते १९६२ आणि १९७८ साली जन्मलेल्यांत नेमके जास्त निघाले. मेट्स अजिंक्य ठरले १९६९ आणि १९८६ मध्ये, म्हणजे ही मुलं तेव्हा सात-आठ वर्षांची. खेळ वेगळा असला तरी कॉलेज फुटबॉलवाल्या घरांत मी जे पाहतो ते याला धरूनच आहे. मात्र जिंकण्याने पोरगं टीमकडे ओढलं जात असेल, तरी टीव्ही लावणारा, रेडिओ कानाला लावणारा, कोळशावर मांस भाजताना जुन्या मॅचचं वर्णन करणारा कुणीतरी घरात आधीपासून असावा लागतो.

पण त्या आजोबांना तरी ही टीम कुठून मिळाली? ते तर कॉलेजात गेले नव्हते. इथे इतिहासात जरा खोल जावं लागतं.

पहिली आंतरकॉलेज मॅच झाली ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. एनएफएल ही व्यावसायिक टीमांची लीग आली १९२० मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. मधल्या काळात फुटबॉल म्हणजे कॉलेजचंच फुटबॉल. त्यातून एनएफएलच्या टीम बराच काळ उत्तरेच्या औद्योगिक शहरांत. दक्षिणेत अटलांटाला टीम मिळाली १९६६ मध्ये, न्यू ऑर्लिन्सला १९६७ मध्ये. अलाबामाला आजही नाही. तिथल्या शेतमजुराला, गिरणी कामगाराला स्वतःची म्हणावी अशी एकच टीम होती, ती विद्यापीठाची. १ जानेवारी १९२६ रोजी कॅलिफोर्नियातल्या रोज बोल या मानाच्या सामन्यात अलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठाला २०-१९ असं हरवलं. दक्षिणेतल्या टीमला तिथे आमंत्रण मिळण्याची ती पहिलीच वेळ. यादवी युद्ध हरलेल्या, गरीब आणि मागास म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलखाने तो विजय आपल्या अब्रूचा मानला, आणि परतीच्या आगगाडीचं स्टेशनास्टेशनावर स्वागत झालं. त्या गर्दीतल्या बहुतेकांना विद्यापीठाच्या दारात कुणी उभं केलं नसतं. काळ्या नागरिकांना तर १९६३ पर्यंत तिथे शिकूच दिलं नाही, म्हणून 'सगळ्या राज्याची टीम' हे शब्द मी जरा जपून वापरतो. त्यांची स्वतःची कॉलेजं होती, त्यांचं स्वतःचं फुटबॉल होतं. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगचे कोच एडी रॉबिन्सन १९४१ मध्ये रुजू झाले आणि १९९७ मध्ये ४०८ विजय खात्यावर ठेवून निवृत्त झाले. तिथलंही घराणं तितकंच पक्कं.

नोत्र दामची कथा आणखी मजेदार. विद्यापीठ इंडियानात, चाहते न्यूयॉर्कमध्ये. १९२०च्या दशकात आयरिश, इटालियन, पोलिश कॅथलिक स्थलांतरितांना अमेरिकेत उपरे समजत. अशा वेळी एक कॅथलिक कॉलेज, नूट रॉकनी या कोचच्या हाताखाली, देशातल्या बड्या बड्यांना लोळवत होतं. १९२५ पासून १९४६ पर्यंत, एखाददुसरं वर्ष सोडलं तर, नोत्र दाम आणि लष्करी अकादमीची मॅच यांकी स्टेडियममध्ये होई. पाच सेंटचं सबवेचं तिकीट काढून हे लोक तिथे लोटत. त्यांना नाव पडलं 'सबवे अ‍ॅलम्नाय', भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी. थट्टेतलं नाव, पण त्यांनी ते मानाने मिरवलं. त्यांच्या नातवंडांना तेव्हाचा उपरेपणा माहीत नाही, टीम तेवढी उरली आहे.

नेब्रास्कात हे सगळं सर्वांत साधं आहे. राज्यात एनएफएलची एकही टीम नाही. १९६२ पासून लिंकनमधल्या स्टेडियमच्या घरच्या मॅचेस हाउसफुल मानल्या जातात. मॅचच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर असतं असं तिथले लोक सांगतात. अतिशयोक्ती वाटते, पण ओमाहा आणि लिंकन सोडलं तर ८० हजारांच्या वर वस्तीचं गाव तिथे खरोखर नाही.

आता दोघांना शेजारी बसवून पाहू. फरक हरल्यावर दिसतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ मधला एक गाजलेला अभ्यास आहे. सात विद्यापीठांत त्यांनी पाहिलं की टीम जिंकली की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त अंगावर दिसतात. फोन करून मॅचबद्दल विचारलं तर जिंकल्यावर मुलांच्या तोंडी 'आपण' जास्त येई, हरल्यावर कमी. ही सगळी वर्गात बसणारी मुलं होती. पदवीवाल्याला हा मागचा दरवाजा कायम उघडा असतो. टीम हरली तर तो म्हणू शकतो, "असू दे, आमचा इंजिनिअरिंग विभाग बघा." माझ्याकडे कॉलेजची अंगठी आहे, प्रमाणपत्र आहे, जुने मित्र आहेत. टायरवाल्या काकांकडे शनिवारशिवाय काही नाही. शेजारच्या राज्यातल्या कट्टर वैऱ्याकडून, मिशिगनकडून, हरल्यावर ते "आपण हरलो" असंच म्हणतात आणि आठवडाभर कमी बोलतात.

याचं टोक कुठवर जातं? २०१० मध्ये ऑबर्न या अलाबामा राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाने अलाबामाला २४-० अशा पिछाडीवरून २८-२७ असं हरवलं. ऑबर्नचे लोक विजयानंतर गावातल्या चौकातल्या जुन्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या उडवून जल्लोष करत. जानेवारी २०११ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात एका माणसाने फोन करून सांगितलं, "मी त्या झाडांना विष घातलंय." खरंच घातलं होतं. झाडं वाचली नाहीत, २०१३ मध्ये तोडावी लागली. माणूस तुरुंगात गेला. त्याने मुलाचं नाव अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांच्यावरून ठेवलं होतं आणि मुलीचं टीमच्या टोपणनावावरून. अलाबामा विद्यापीठात तो कधी शिकला नव्हता.

म्हणून पदवीवाले घरच्यांना नावं ठेवतात. 'साइडवॉक अ‍ॅलम्नाय' म्हणजे फुटपाथवरचे माजी विद्यार्थी. मिशिगन स्टेटची मंडळी शेजारच्या मिशिगनच्या चाहत्यांना 'वॉलमार्ट वुल्व्हरिन' म्हणतात (वुल्व्हरिन हे मिशिगनच्या टीमचं टोपणनाव), म्हणजे ज्यांचा कॉलेजशी संबंध वॉलमार्टमधून घेतलेल्या टीशर्टापुरता. मला हा टोमणा कद्रूपणाचा वाटतो. आणि अंगाशी येणाराही. घरचे चाहते वजा केले तर काय उरतं ते पाहायला न्यू हेवनला जावं. येल विद्यापीठाचं तिथलं स्टेडियम, येल बोल, १९१४ मध्ये बांधलं, आजही त्यात ६० हजारांवर माणसं बसू शकतात. येलची टीम एकेकाळी देशात पहिली होती. आता हार्वर्डबरोबरची मॅच सोडली तर बहुतेक बाकं रिकामी असतात. तिथे चाहते जवळजवळ सगळेच पदवीचे आहेत.

दोन्ही जाती एकाच माणसात भेटतात हेही खरं. लहानपणापासून ज्या टीमसाठी रडलं, तिथेच प्रवेश घेणारी मुलं ओहायोत पैशाला पासरी. उलटही होतं. अलाबामाच्या घरातली मुलगी ऑबर्नला शिकायला जाते आणि अंगणातल्या गाडीवर अर्धी लाल, अर्धी निळी-केशरी पाटी लागते, 'दुभंगलेलं घर' अशी. त्या मुलीला चार वर्षांनी विचारलं तर ती ऑबर्नचं नाव सांगते. दहा वर्षांनी, वडील आजारी असताना, अलाबामाची मॅच लागली तर काय करते, ते मी एकदा पाहिलंय. आवाज बंद ठेवून पूर्ण मॅच पाहिली.

आमच्या घरात ओहायो स्टेटची पदवी कुणाकडेच नाही. मी टेक्सासचा, बायको मुंबई विद्यापीठाची. मुलगा कोलंबसमध्ये जन्मला आणि त्याला आम्ही कुठली टीम दिल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये शनिवारी तो जायचा, एवढंच. मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात. गेल्या नोव्हेंबरात रविवारच्या मराठी शाळेतून बाईंचा फोन आला. वही बघून जा म्हणाल्या. आठ वर्षांच्या पोराने शुद्धलेखन नीट लिहिलं होतं, काना-मात्रा जागच्या जागी. फक्त मुखपृष्ठावर जिथे 'मराठी' लिहिलं होतं, तिथे पहिल्या अक्षरावर जाड लाल फुली होती.