एंजलची अंडी दिसली? आधी टाकीला हात लावू नका

"फिल्टरच्या पाइपवर खसखस चिकटल्यासारखं काहीतरी दिसतंय, काय करू?" असा फोन आम्हाला नेहमी येतो. ती एंजल माशाची अंडी. उत्तरही ठरलेलं: काही करू नका. टाकीत हात घालू नका, पाणी हलवू नका, मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका.

पण सुरुवात जोडीपासून करू. दुकानात येऊन "एक नर, एक मादी द्या" म्हणाल तर आम्ही देणार नाही, कारण लहान एंजलमध्ये नर-मादी ओळखता येत नाही. कुणी ओळखून देतो म्हणाला तर तो अंदाज समजा. सहा पिल्लं न्या, एकत्र वाढवा. आठ-दहा महिन्यांत दोघं एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलू लागतात. ती तुमची जोडी. खरी ओळख अंडी घालायच्या वेळी पटते: पोटाखाली छोटी नळी बाहेर येते, मादीची जाड व बोथट, नराची बारीक व टोकदार. कधी दोन माद्यांचीही जोडी जमते, अंडीही पडतात, आणि नर नसल्याने सगळी पांढरी होऊन वाया जातात.

जोडीला वेगळी टाकी द्या, 80 ते 100 लिटरची, उंच. पाणी 27-28 अंशांवर ठेवा. स्पंज फिल्टर पुरे. पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो. बोअरच्या जड पाण्यात एंजल मजेत जगतात, पण अंडी बरेचदा फुकट जातात. नळाचं पाणी एक दिवस हवा सोडून ठेवा किंवा क्लोरीन घालवणारे थेंब टाका. मग पाइपचा तुकडा किंवा रुंद पानाचं झाड तिरकं उभं करा. दोघं ती जागा तोंडाने घासूनपुसून काढतात. मादी पोट टेकवत वर सरकते, मागे अंड्यांची ओळ उमटते, लगेच नर त्यावरून जातो. दोनेकशे अंडी सहज होतात.

पुढचे दोन-तीन दिवस आईबाप आळीपाळीने कल्ल्यांजवळच्या परांनी वारा घालतात आणि पांढरी पडलेली अंडी वेचून खातात. हे योग्यच आहे. सगळीच खाल्ली तर? नवी जोडी पहिल्या दोन-तीन वेळा हमखास खाते. दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालते. रात्री मंद दिवा राहू द्या. चौथ्यांदाही खाल्ली तर पान उचलून त्याच पाण्याच्या वेगळ्या टाकीत ठेवा, शेजारी हवेचा दगड (एअर स्टोन, बुडबुडे सोडणारा) आणि मिथिलीन ब्ल्यू या बुरशीविरोधी औषधाचे थेंब.

तिसऱ्या दिवशी अंड्यांच्या जागी शेपट्या थरथरताना दिसतील. पिल्लं डोक्याने पानाला चिकटून असतात. एखादं खाली पडलं की आई तोंडात धरून पुन्हा वर थुंकते. ती खातेय असं वाटून घाबरू नका. या दिवसांत खायला काही देऊ नका, पिवळा बलक त्यांच्या पोटातच असतो.

सातव्या-आठव्या दिवशी पिल्लं पोहू लागतात, आणि खरी परीक्षा इथेच. पिल्लांचं खाद्य म्हणजे आर्टिमिया, खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. ते सहाव्या दिवशीच उबवायला लावा: लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर आर्टिमियाची अंडी, जोरात हवा, वर दिवा. 24 ते 36 तासांनी हवा बंद केली की टरफलं तरंगतात, केशरी जीव तळाशी बसतात. ते फडक्यातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून दोन-तीनदा द्या. पोट केशरी दिसलं म्हणजे पिल्लू जेवलं. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका. पाणी नासतं आणि सकाळी टाकी रिकामी मिळते.

पॅरट मासा पाळणाऱ्यांसाठी एक ओळ: तो संकर आहे, नर बहुधा वांझ असतो. अंडी पडतील, पिल्लांची वाट पाहू नका.

दोनशे पिल्लांना तुमच्या घरात जागा नसणार. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की आणा, बदल्यात खाद्य देऊ. येण्याआधी फोन मात्र करा. तलावात, नदीत सोडू नका. उजनीची चिलापी, म्हणजे तिलापिया, सगळ्यांनी खाल्ली असेल. तीही एंजलच्याच सिक्लिड घराण्यातली, बाहेरून आलेली. 1952 मध्ये भारतात आणलेली तिलापिया आज जागोजागी गावच्या माशांच्या वाट्याचं खाते.