पर्गोला

पर्गोला म्हणजे सरळ सांगायचं तर पक्का मांडव. चार किंवा जास्त खांब, त्यावर तुळया, तुळयांवर थोडं थोडं अंतर सोडून टाकलेले वासे, आणि वर छप्पर नाहीच. गझिबोशी गल्लत होते ती इथेच, गझिबोला डोक्यावर पूर्ण छत असतं, पर्गोलात पाऊस आला की कप उचलून आत पळायचं.

शब्द इटालियन, मूळ लॅटिन 'पर्गुला', म्हणजे भिंतीच्या पुढे आलेला छज्जा. द्राक्षाचे वेल चढवायला असे मांडव फार जुन्या काळापासून आहेत. नेपल्सच्या सांता कियारा मठात १८व्या शतकातले रंगीत टाइल्सचे अष्टकोनी खांब आहेत, ते याच कामासाठी. लंडनला हॅम्पस्टेडमध्ये साबण कारखानदार लॉर्ड लेव्हरह्यूमने १९०५ च्या सुमारास बागा आखणाऱ्या थॉमस मॉसनकडून भलामोठा उंच पर्गोला बांधून घेतला, आणि भराव कुठून आणला तर जवळच भुयारी रेल्वे खोदत होते त्याची माती!

आता खरी मेख सावलीची. वासे उत्तर-दक्षिण टाकले की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अडतं पण भर दुपारी ते फटींतून सरळ खाली येतं, पूर्व-पश्चिम टाकले आणि सूर्य दुपारी थोडा कललेला असेल तर दुपार बरी जाते. वासा जेवढा खोल आणि फट जेवढी बारीक तेवढी सावली दाट. तरी ती पट्ट्यापट्ट्यांचीच, टेबलावर पुस्तक उघडं ठेवलं तर पानावरची उन्हाची रेघ हळूहळू सरकत जाते आणि थोड्या वेळाने आपल्यालाच खुर्ची सरकवावी लागते. मग वैतागून लोक वर पॉलीकार्बोनेट शीट ठोकतात, झालं, ती शेड झाली, आणि वारा खालून शीट उचलायला बघतो तो वेगळाच ताप. त्यापेक्षा वेल बरा. हिवाळ्यात पानं झडणारा निवडला तर थंडीत ऊन आपोआप मिळतं. फक्त विस्टेरिया लावणार असाल तर खांब दणकट हवेत, त्याचं खोड वर्षानुवर्षं जाड होत राहतं आणि कोवळ्या लाकडाला पिळे घालतं.

लाकडी पर्गोला वरून नाही, पायाशी कुजतो. खांब थेट मातीत पुरला की तिथे ओल धरते, वरून पॉलिश चकचकीत आणि बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यासारखा आत जातो. म्हणून खांब जमिनीपासून जरा वर, लोखंडी बुटात, म्हणजे खांबाचं बूड धरणाऱ्या बैठकीत बसवतात. अ‍ॅल्युमिनियमचे मोटरवर फिरणाऱ्या पट्ट्यांचेही मिळतात, पट्ट्या मिटल्या की पाऊससुद्धा अडतो.