शहराने वॉशिंग्टनमध्ये लॉबिस्ट नेमायचा तर: पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

अमेरिकेतल्या शहराला बंदरातला गाळ काढून हवा असो, नवी रेल्वेमार्गिका हवी असो की विमानांच्या आवाजाबद्दल दाद मागायची असो, निर्णय बऱ्याचदा वॉशिंग्टनमध्ये होतो. म्हणून अनेक शहरं स्वतःचे खासदार निवडून दिलेले असूनही तिथे पैसे मोजून लॉबिस्ट (सरकारकडे आपली बाजू मांडणारा व्यावसायिक) ठेवतात. कायद्याची याला आडकाठी नाही. फक्त कोणते कागद कोणी भरायचे, यात मोठा गोंधळ होतो.

नोंदणी कोणाची?

शहराची नाही, लॉबिंग फर्मची. 1995 च्या लॉबिंग डिस्क्लोजर ॲक्टनुसार (2007 मध्ये तो बराच कडक झाला) फर्मला प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. त्या अर्जाला एलडी-1 म्हणतात. तो काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, दोन सभागृहांकडे ऑनलाइन दाखल होतो: हाउसच्या क्लार्ककडे आणि सिनेटच्या सेक्रेटरीकडे.

फर्मचा माणूस कायद्याच्या दृष्टीने लॉबिस्ट कधी ठरतो? त्याला कामाचा मोबदला मिळत असेल, त्या ग्राहकासाठी त्याने एकाहून जास्त वेळा संबंधित अधिकाऱ्यांशी किंवा काँग्रेसच्या लोकांशी लॉबिंगचा संपर्क केला असेल, आणि तीन महिन्यांत त्या ग्राहकाला दिलेल्या वेळेपैकी किमान 20 टक्के वेळ लॉबिंगमध्ये गेला असेल तर. बैठकीची तयारी आणि टिपणं काढणं हेही त्या वेळेत धरलं जातं. शिवाय त्या ग्राहकाकडून मिळणारं लॉबिंगचं उत्पन्न तिमाहीत 3,500 डॉलरपर्यंतच असेल तर नोंदणी लागत नाही. ही मर्यादा 1 जानेवारी 2025 पासूनची आहे, दर चार वर्षांनी महागाईप्रमाणे बदलते. ‘आमचा अर्ज कुठवर आला?’ एवढीच चौकशी केली तर तो लॉबिंगचा संपर्क धरत नाहीत.

आता एक गोष्ट, जी नागरिकांच्या सहसा लक्षात येत नाही. महापौर, नगरसेवक किंवा शहराचा पगारी कर्मचारी आपल्या पदाच्या कामासाठी वॉशिंग्टनला जाऊन हेच सगळं बोलला, तर तो या कायद्याबाहेर राहतो. म्हणजे शहराने तिथे स्वतःचं कार्यालय थाटून पगारी माणसं बसवली, तर लॉबिंगच्या संघीय (केंद्र सरकारच्या) नोंदवहीत त्याचा मागमूस लागणार नाही. माझ्या मते ही पळवाट नाही, लोकप्रतिनिधीने सरकारशी बोलणं हे त्याचं कामच आहे. पण ‘आमचं शहर लॉबिंगवर किती खर्च करतं?’ याचं उत्तर फक्त त्या नोंदवहीत शोधलं तर ते अर्धवटच सापडेल. उरलेलं शहराच्या अर्थसंकल्पात शोधायचं.

नेमण्याआधी शहराने काय तयार ठेवायचं

कार्यपद्धती प्रत्येक शहराच्या सनदेप्रमाणे (शहराच्या कारभाराची मूळ नियमावली) आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे बदलते. साधारण क्रम असा: कौन्सिल वर्षाचा संघीय अजेंडा, म्हणजे केंद्राकडच्या मागण्यांची यादी, मंजूर करते, प्रस्ताव मागवले जातात, छाननी होते, करार कौन्सिलपुढे येतो. फर्मकडून हे कागद मागावेत: मागच्या काही तिमाह्यांचे अहवाल, सध्याच्या सगळ्या ग्राहकांची यादी, काम प्रत्यक्ष करणाऱ्यांची माहिती आणि हितसंबंधांच्या टकरावाबद्दलचं लेखी निवेदन. ग्राहकांची यादी नीट वाचा. त्याच अनुदानासाठी धडपडणारं शेजारचं शहर त्यात असेल, तर तुमचा वकील समोरच्या पक्षाच्या घरी जेवायला जातो आहे.

एलडी-1 मध्ये लॉबिस्टची मागच्या 20 वर्षांतली ठराविक सरकारी पदंही दाखवावी लागतात. ते पाहून एक प्रश्न जरूर विचारा: याला अजून संपर्कबंदी लागू आहे का? माजी सिनेटरांना दोन वर्षं आणि हाउसच्या माजी सदस्यांना एक वर्ष काँग्रेसमध्ये लॉबिंग करता येत नाही. वजनदार नाव पाहून नेमायचं आणि पहिलं वर्ष त्याला फोनही करता येऊ नये, ही गंमत परवडणारी नाही.

मुदती

नेमणूक किंवा पहिला संपर्क, यातलं जे आधी घडेल त्यापासून 45 दिवसांत एलडी-1. त्यानंतर दर तिमाहीला एलडी-2, म्हणजे कामाचा आणि रकमेचा अहवाल: 20 एप्रिल, 20 जुलै, 20 ऑक्टोबर, 20 जानेवारी. राजकीय देणग्यांचा एलडी-203 वर्षातून दोनदा, 30 जुलै आणि 30 जानेवारीला, फर्मचा वेगळा आणि प्रत्येक लॉबिस्टचा वेगळा. जाणूनबुजून नियम मोडला तर 2 लाख डॉलरपर्यंत दिवाणी दंड आहे.

एलडी-2 उघडून बघा, कंटाळवाणा असला तरी बोलका असतो. वरच ‘ग्राहक राज्य किंवा स्थानिक शासन आहे’ अशी चौकट असते. खाली विषयांचे तीन अक्षरी कोड: वाहतुकीला टीआरए, अर्थसंकल्पाला बीयूडी, शहरी विकासाला यूआरबी. रक्कम जवळच्या 10,000 डॉलरपर्यंत पूर्णांकात लिहितात, तिमाहीची रक्कम 5,000 पेक्षा कमी असेल तर नुसतं तसं नमूद करतात. त्यामुळे अहवालातला आकडा आणि करारातला आकडा तंतोतंत जुळला नाही, तरी लगेच घोटाळ्याचा संशय घेऊ नका.

पैसा कुठल्या खात्यातून

संघीय अनुदानातून नाही, हा नियम पक्का. त्या पैशातून लॉबिंगचा खर्च दाखवला तर तो नामंजूर होतो. शहराने 1 लाख डॉलरपेक्षा जास्त संघीय अनुदान मागितलं, तर असा पैसा वापरला नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच अनुदानासाठी शहराने स्वतःच्या पैशातून लॉबिस्ट लावला असेल, तर ते जाहीर करणारा एसएफ-एलएलएल हा वेगळा फॉर्म जोडावा लागतो. हा फॉर्म मात्र शहराने भरायचा, फर्मवर सोडायचा नाही.

लहान शहरांनी आधी स्वतःला विचारावं की लॉबिस्ट लागतोच का. 2021 पासून खासदारांमार्फत ठराविक प्रकल्पांसाठी थेट निधी मागण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली. खासदाराला ती मागणी स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते आणि त्यात आपला आर्थिक लाभ नाही असं लिहून द्यावं लागतं. शहराने द्यायचं ते प्रकल्पाचा नेमका हेतू, रक्कम आणि स्थानिक पाठिंब्याचा पुरावा: कौन्सिलचा ठराव, संस्थांची पत्रं. एवढं एक चांगला कर्मचारी करू शकतो. नॅशनल लीग ऑफ सिटीज (1924) आणि यूएस कॉन्फरन्स ऑफ मेयर्स (1932) या संघटना सगळ्या शहरांचे सामाईक प्रश्न मांडतातच. फर्म खरी उपयोगी पडते ती वर्षानुवर्षं चालणाऱ्या, अनेक खात्यांत अडकलेल्या कामात.

करार संपला की फर्मने शेवटच्या एलडी-2 मध्ये समाप्तीची नोंद केली का, ते तपासा. नाहीतर नोंदवहीत शहर ग्राहक म्हणून तसंच दिसत राहतं. दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर शहराचं नाव घालून हे अहवाल कोणालाही फुकट पाहता येतात. मूळ करार मात्र शहराच्या क्लार्ककडे राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागायचा.