बिडाची जाळी: कुठे धरायचे, कुठे सोडायचे

गळीत हंगाम संपून बॉयलर थंड झाला की ऑफ सीझनच्या दुरुस्तीत भट्टीत जळणाखाली असलेल्या जाळीच्या, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जुन्या पट्ट्या बाहेर काढून भंगारात टाकल्या जातात. त्या ढिगातली एखादी पट्टी उचलून नीट पाहावी. बसवताना ती सरळ होती. आता मध्यभागी बसकी झालेली दिसते किंवा कमानीसारखी वर उचललेली असते. वरची कड खपल्या सुटून बोथट झालेली असते आणि त्या कडेवर केसाएवढ्या बारीक आडव्या भेगा असतात. मोजपट्टी लावली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते: पट्टी नवी होती त्याहून लांब भरते. महिनोन्महिने आगीखाली राहिलेले लोखंड झिजून कमी व्हावे अशी आपली अपेक्षा असते, पण बीड तापून थंड झाल्यावरही वाढलेलेच राहते. भट्टीच्या जाळीची रचना करताना खरी अडचण येते ती या वाढीमुळे.

कोल्हापूरला हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणापासून साखर कारखान्याच्या बॉयलरपर्यंत जळणाखाली जाळी लागते, आणि अशी जाळी ओतू शकणाऱ्या फाउंड्र्याही शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे आहेत. तरीही जाळीची पट्टी हे काम फाउंड्रीत दुय्यम मानले जाते. मशीनिंग नाही, नाजूक मापे नाहीत, किलोच्या भावाने विक्री. मग त्यात डिझाइन कसले, असा समज दिसतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. इंजिनाच्या ब्लॉकमधून पाणी फिरवून तो थंड ठेवता येतो. जाळीच्या पट्टीला स्वतःचे रक्षण स्वतःच्या आकारानेच करावे लागते.

जाळी जळणाचे ओझे पेलते, खालून हवा वर जाऊ देते आणि राख खाली पडू देते. यांपैकी हवेचे काम सर्वांत महत्त्वाचे, कारण जाळीला वाचवणारीही तीच असते. एक किलो कोरडे चिपाड पूर्ण जळायला सुमारे सहा किलो, म्हणजे जवळजवळ पाच घनमीटर हवा लागते. ही हवा पट्ट्यांच्या फटींतून जाताना त्यांच्या दोन्ही बाजूंची उष्णता उचलून नेते. वर ज्वाळा हजार अंशांच्या पुढे असतानाही पट्टीचे तापमान त्याच्या निम्म्याच्या आसपास राहू शकते, ते याच वाऱ्यामुळे. म्हणून पट्टी रुंद आणि चपटी नसून उभी आणि खोल असते: आगीकडे तोंड केलेला भाग कमी, हवेला लागणारा भाग जास्त.

दुसरे संरक्षण राखेचे. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण बऱ्याचदा 35 ते 45 टक्के असते, त्यामुळे जाळीवर राखेचा जाड थर आपोआप साठतो आणि निखाऱ्यांची धग थेट लोखंडावर येत नाही. बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, राख अवघी दोन-तीन टक्के असते आणि तीही हलकी, त्यामुळे हे पांघरूण पातळच राहते. जाळी अगदी लख्ख करण्याच्या उत्साहात फायरमनने सगळी राख ओढून काढली, तर निखारा थेट पट्टीवर बसतो. त्यातच ओल्या बगॅससाठी हवा आधी तापवून घेतली जाते. जळण वाळायला ती उत्तम, पण दीडशे-दोनशे अंशांची हवा पट्टीला थंड कितीशी करणार?

पट्टीची प्रकृती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. लोखंड साधारण 525 अंश सेल्सिअसला अंधारात मंद लाल दिसू लागते. रात्री राखेच्या खड्ड्यातून वर पाहिले आणि पट्ट्यांच्या खालच्या कडाही लालसर दिसल्या, तर वरच्या कडा त्याहून कितीतरी तापलेल्या आहेत असे समजावे. त्या जाळीचे दिवस भरले आहेत.

पट्टीची हालचाल तीन प्रकारची असते आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत. पहिली साधी प्रसरणाची. बीड दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे 12 भागांनी वाढते. 600 मिलिमीटर लांबीची पट्टी सरासरी 420 अंशांनी तापली तर ती तीन मिलिमीटरने लांबते आणि थंड झाली की परत येते. हा हिशेब सगळ्यांना माहीत असतो.

दुसरी हालचाल वाकण्याची. पट्टीची वरची कड खालच्या कडेपेक्षा दोनशे अंशांनी अधिक तापली तर वरचा भाग जास्त लांबू पाहतो आणि पट्टी कमानीसारखी वर उचलली जाते. 75 मिलिमीटर खोल आणि 600 मिलिमीटर लांब पट्टीच्या मध्याला हा उचल दीड मिलिमीटरच्या आसपास येतो. आकडा लहान वाटतो, पण वाकण्याचे हे माप लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तीच पट्टी 300 मिलिमीटरची केली तर उचल एक-चतुर्थांशावर येतो आणि 1200 ची केली तर तो चौपट होऊन सहा मिलिमीटरवर जातो. लांबलचक पट्ट्या टाळून मधल्या बीमवर दोन आखूड पट्ट्या टेकवण्याची रीत यातूनच आली.

याच वाकण्यातून उलटी विकृतीही निर्माण होते. वरचा तापलेला भाग लांबू पाहतो, पण खालचा थंड भाग त्याला अडवतो; मऊ झालेली वरची कड दाबाखाली थोडी कायमची दबते. भट्टी विझली की ही दबलेली कड मूळ लांबीवर परतण्याऐवजी त्याहून आखूड होते आणि पट्टी मध्यात खाली बसते. त्याच वेळी वरच्या कडेवर ताण येतो. बीड दाब चांगला सोसते, ताण मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच सोसते. त्या केसाएवढ्या आडव्या भेगा इथून सुरू होतात, आणि गरम जाळीवर पाणी मारून राख विझवण्याची सवय असेल तर त्या पहिल्याच महिन्यात दिसू लागतात.

तिसरी हालचाल बिडाच्या कायमच्या वाढीची. साध्या बिडात सुमारे सव्वातीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो. वजनाने तो थोडा, पण ग्रॅफाइट हलके असल्याने आकारमानाने जवळजवळ दहावा हिस्सा व्यापतो. उरलेला कार्बन लोखंडाशी संयुग करून पर्लाइट नावाच्या रचनेत बसलेला असतो. साडेचारशे-पाचशे अंशांवर बीड दीर्घकाळ राहिले की हे संयुग हळूहळू फुटते आणि त्यातला कार्बनही ग्रॅफाइट बनतो. त्याला जागा जास्त लागते, म्हणून बीड फुगते. सगळा पर्लाइट फुटला तर लांबी साधारण अर्ध्या टक्क्याने वाढते, म्हणजे आपली 600 ची पट्टी आणखी तीन मिलिमीटरने लांब होते आणि ही वाढ परत जात नाही. शिवाय ग्रॅफाइटचे पापुद्रे हवेला आत शिरायला वाटा देतात. त्या वाटांनी आतले लोखंडही गंजते आणि गंजाला मूळ लोखंडाच्या सुमारे दुप्पट जागा लागते. रूगन आणि कार्पेंटर या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बीड पुनःपुन्हा तापवून या वाढीचा पद्धतशीर अभ्यास केला होता.

आता एकमेकांत गुंतणाऱ्या पट्ट्यांचा विचार करता येईल. सुट्या पट्ट्या नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या तर सळईने निखारे ढवळताना एखादी उचलली जाते, एखादी आडवी कलते, फट एकीकडे बंद होते आणि दुसरीकडे रुंदावते. रुंद फटीतून न जळलेले जळण खाली पडते. बंद फटीत हवा थांबते आणि तिथली पट्टी सर्वांत आधी जळते. म्हणून प्रत्येक पट्टीच्या एका अंगाला कान, म्हणजे बाहेर आलेला उंचवटा, आणि दुसऱ्या अंगाला खोबण ठेवून शेजारणीत अडकवतात. एक पट्टी वर उचलू लागली की तिला दोन्हीकडच्या पट्ट्यांचे वजन आणि ताठपणा उचलावा लागतो. 600 बाय 75 ची, सरासरी 12 मिलिमीटर जाडीची पट्टी सुमारे चार किलोची असते; एकटी असताना ती सळईच्या झटक्याने हलते, पण गुंतलेली असली की सहजी हलत नाही.

हौशी डिझाइन फसते ते याच ठिकाणी. गुंतवायचे म्हणजे घट्ट बसवायचे असे समजून कान आणि खोबण एकमेकांत चपखल बसवली जातात. नवी जाळी सुरेख दिसते. पण जी पट्टी लांबणारच आहे तिला लांबीच्या दिशेने अडवले की ती बळ दुसरीकडे काढते: आडवी वाकते, कान मोडते किंवा भट्टीच्या विटा ढकलते. त्यामुळे गुंतवणुकीने उभी आणि आडवी हालचाल रोखावी आणि लांबीच्या दिशेची पूर्ण मोकळी ठेवावी. खोबण कानापेक्षा उंचीत जेमतेम मोठी, पण लांबीत चांगली ऐसपैस हवी. टोकाशी किती प्ले (हालायला मोकळी जागा) ठेवायचा याचा हिशेब वर आलाच आहे: प्रसरणाचे तीन मिलिमीटर, कायमच्या वाढीचे तीन आणि ओतकामात मापे थोडी मागेपुढे होतात त्याचा एक-दीड. म्हणजे सात-आठ मिलिमीटर. ही फट पाहून बसवणारा माणूस पाचर मारण्याच्या विचारात असतो. त्याला आधीच सांगून ठेवावे लागते.

रुंदीचा हिशेब तर बऱ्याचदा कोणी करतच नाही. भट्टी 1200 मिलिमीटर रुंद असेल आणि पट्ट्यांचे कान एकमेकांना टेकून अखंड रांग झाली असेल, तर चारशे अंशांच्या वाढीला ती रांग जवळजवळ सहा मिलिमीटरने रुंदावते आणि कायमच्या वाढीने पुढे आणखी तेवढीच. बारा मिलिमीटरची जागा दोन्ही भिंतींलगत वाटून सोडली नाही, तर पट्ट्या मधूनच उचलल्या जातात.

कान कुठे ठेवायचे हाही प्रश्न आहे. वरच्या कडेजवळ ठेवले तर ते सर्वांत तापट जागी येतात: तिथे गंजाच्या खपल्या धरतात, वितळलेली राख शिरते आणि प्ले बुजून पट्ट्या सांधल्यासारख्या होतात. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि पोटॅशियममुळे ती लवकर वितळते, त्यामुळे हा धोका कमी लेखू नये. कान खालच्या तिसऱ्या हिश्श्यात घ्यावेत. तिथे धातू थंड आणि ताठ असतो, हवा सतत वाहते, आणि कानाचा माथा उतरता ठेवला तर त्यावर राखही साठत नाही. कान पट्टीला मिळतो तो कोपरा गोलाईचा हवा. काटकोनी कोपऱ्यात भेग जवळजवळ ठरलेलीच.

गुंतवणुकीची किंमत दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते. रांगेतली मधली एक पट्टी तुटली तर ती काढण्यासाठी कडेपासून सगळी रांग उलगडावी लागते. यावर उपाय म्हणून रांगेत एक पट्टी बिनकानाची, चावीसारखी ठेवतात. ती उचलली की बाकीच्या सरकवून काढता येतात. दुसरा मार्ग माशाच्या काट्यासारख्या रचनेचा: मधोमध एक कणा आणि दोन्ही बाजूंना आखूड दाते, शेजारच्या पट्टीचे दाते याच्या दात्यांच्या मधोमध. यात फट सरळ रेषेत कुठेच नसते, प्रत्येक दाता एका टोकाला मोकळा असल्यामुळे हवा तसा लांबतो, आणि पट्ट्या एकमेकींत अडकूनही प्रत्येकीला सरळ वर उचलता येते. मोठ्या बॉयलरच्या सरकत्या जाळीत हाच विचार टोकाला नेलेला असतो: सगळी जाळी लहान लहान तुकड्यांची, आणि एक मोडला तर तेवढाच बदलायचा.

धातूबद्दल बोलताना ग्राहक हमखास ‘वरच्या ग्रेडचे बीड द्या’ म्हणतो. बळकट बीड म्हणजे बहुधा अधिक पर्लाइटचे बीड, आणि फुटून फुगतो तो पर्लाइटच. त्यामुळे ताणबळाचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. वाढ रोखण्याचे मार्ग दोन आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. एकात अर्धा ते एक टक्का क्रोमियम घालून पर्लाइटला फुटण्यापासून रोखतात. दुसऱ्यात सिलिकॉन पाच-सहा टक्क्यांपर्यंत वाढवून पर्लाइट मुळात होऊच देत नाहीत. 1930 च्या सुमारास ब्रिटनमध्ये विकसित झालेले ‘सिलाल’ हे बीड या जातीचे. ते आठशे अंशांच्या पुढेही टिकते, पण थंड असताना इतके ठिसूळ असते की ट्रकमधून पट्ट्या फेकून उतरवल्या तर काही तिथेच तुटतात. आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्यांना थोड्या क्रोमियमचे, बारीक ग्रॅफाइटचे बीड पुरेसे आहे. 25 टक्क्यांहून अधिक क्रोमियमचे महाग बीड मागण्याआधी खालची हवा नीट वाहते का, हे पाहणे स्वस्त पडते.

शेवटी हे सगळे वाळूत उतरवावे लागते. पट्टी वर 16 आणि खाली 8 मिलिमीटर अशी निमुळती ठेवली की फट खालच्या दिशेने रुंदावते आणि त्यात शिरलेला खडा अडकून न बसता खाली पडतो. हीच निमुळती बाजू मोल्डरलाही सोयीची, कारण पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवणारा पट्टीचा नमुना, वाळूतून ओरखडा न काढता निघतो. आठापेक्षा खाली मात्र फार जाऊ नये. पातळ कड वाळूत झटकन थंड होऊन पांढरे, काचेसारखे ठिसूळ बीड बनते. पॅटर्न दर मीटरला दहा मिलिमीटर मोठा करावा लागतो, कारण ओतलेले बीड थंड होताना तेवढे आकसते. खरी कसोटी खोबणीची. पॅटर्न ज्या दिशेने वर निघतो त्या दिशेला खोबण उघडी नसेल तर प्रत्येक पट्टीला वेगळा कोअर (पोकळी राखणारा वाळूचा तुकडा) बसवावा लागतो आणि चार किलोच्या मालाला तो खर्च परवडत नाही. म्हणून खोबणीचे तोंड खालच्या कडेकडे उघडे ठेवून तिच्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्यावा. पहिल्या ओतकामातल्या तीन पट्ट्या जमिनीवर गुंतवून मधली लांबीच्या दिशेने हाताने सरकते का आणि वर उचलताना शेजारच्या दोघी तिला धरतात का, एवढे पाहून मगच पुढचे मोल्ड भरायला घ्यावेत.