स्पॉयलर प्लास्टिकचा असला म्हणून उन्हात वितळत नाही

यवतमाळ-चंद्रपूरकडे गाडीला पुढचा स्पॉयलर (बंपरखाली लावायची पट्टी) लावायचा म्हटलं की हमखास ऐकू येतं, "प्लास्टिक नको, आपल्या उन्हात वितळते. फायबरचा घे, नाहीतर पत्र्याचा." हे चूक आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात.

मे महिन्यात पारा 46-47 वर जातो, उभ्या गाडीचा काळा भाग त्याहून बराच तापतो, मान्य. पण बंपर ज्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते वितळायला 160 अंशांच्या आसपास लागतात. एबीएस हे स्पॉयलरचं दुसरं प्लास्टिक, तेही 90 पर्यंत मऊ पडत नाही. उन्हाने एबीएसचा रंग उडतो, वर्षानुवर्षांनी ते ठिसूळ होतं, म्हणून त्याला रंग हवाच. जपायचं ते थ्रीडी प्रिंटच्या पीएलए नावाच्या प्लास्टिकपासून. ते 60 अंशांलाच वाकतं.

खरी परीक्षा पांदण रस्त्यावर होते. बंडीच्या चाकोरीतलं वाळलेलं ढेकूळ लागलं की पॉलिप्रॉपिलीन दबतं आणि परत जागेवर येतं. फायबरग्लास कडक, ते तडकतं. माझ्या स्पॉयलरची कड अशीच गेली. तड्यातून काचेचे पांढरे धागे बाहेर आले होते, बोटाला टोचत होते. फायबर पुन्हा रेझिन लावून जोडता येतं, एवढाच त्याचा फायदा. पत्रा तर वाकला की वाकलेलाच राहतो, टायरला घासतो, आणि माणसाला लागला तर नडगी फोडतो.

विकत घेताना स्पॉयलर उलटा करून बघा. साच्यातच पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस अशी इंग्रजी अक्षरं उमटलेली असतात. ती नसतील तर दुकानदाराला आधी माल कशाचा ते विचारा, मग भाव.