वाकांडाची भाषा

‘आफ्रोफ्युचरिझम’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नजरेतून भविष्य रंगवणारी कलाधारा. हा शब्द १९९०च्या दशकात एका गोऱ्या अमेरिकन समीक्षकाने रूढ केला. त्याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकात, अलाबामात जन्मलेला एक जॅझ वादक आपण शनी ग्रहावरून आल्याचे सांगू लागला होता. १९७४च्या ‘स्पेस इज द प्लेस’ या चित्रपटात तोच कृष्णवर्णीयांना नव्या ग्रहावर वसवायला निघतो. गुलामगिरीने ज्यांचा भूतकाळ पुसून टाकला, त्यांनी भविष्यावर हक्क सांगितला.

मोठ्या स्टुडिओचा पैसा या कल्पनेमागे उभा राहिला तो २०१८च्या ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटात, आणि तिथला एक निर्णय अजूनही खुपतो. वाकांडा हा काल्पनिक देश पूर्व आफ्रिकेतला, पण तिथले लोक बोलतात ती खोसा ही दक्षिण आफ्रिकेतली भाषा. त्याआधीच्या, २०१६च्या चित्रपटात वाकांडाच्या राजाची भूमिका करणाऱ्या दक्षिण आफ्रिकी ज्येष्ठ नटाने ती सुचवली. ती त्याची मातृभाषा. एका प्रसंगापुरती आलेली ही बोली पुढे अख्ख्या देशाची भाषा झाली. वेशभूषेतही तेच: राणीची उंच गोल टोपी झुलू विवाहितांच्या टोपीवरून घेतलेली आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, सीमेवरच्या योद्ध्यांच्या अंगावर लेसोथोची घोंगडी, एका वृद्धेच्या केसांना नामिबियातल्या हिंबा बायकांसारखा तांबडा लेप.

खंडाची अशी सरमिसळ केल्याचा आक्षेप रास्तच आहे; खोसा ही सुमारे ८० लाख लोकांची जिवंत मातृभाषा आहे. तरीही मला हा निर्णय समजतो. पूर्वज कुठल्या गावचे, काय बोलत होते, याची नोंदच ज्याच्यापाशी नाही, त्या अमेरिकन कृष्णवर्णीयाला सगळी आफ्रिकाच आपली वाटणार.

मात्र आफ्रिकेतल्या कलावंतांनी त्या नजरेत का अडकावे? २०१९मध्ये एका नायजेरियन-अमेरिकन लेखिकेने ‘आफ्रिकनफ्युचरिझम’ अशी वेगळी वाट मांडली. या लेखनाचे केंद्र अमेरिका नसून आफ्रिका, हे तिचे म्हणणे. तिने नाव दिले, पण चित्रपट त्याआधीच तिथे पोचला होता. २००९च्या ‘पुम्झी’ या केनियन लघुपटात पाणी संपलेल्या जगातली माणसे घाम आणि लघवी शुद्ध करून पितात, आणि एका तरुणीच्या हाती जिवंत मातीचा नमुना येतो. पुढे २०२१च्या ‘नेपच्यून फ्रॉस्ट’ या चित्रपटाचे चित्रीकरण रवांडात झाले. त्यातले मजूर कोल्टन हे खनिज खणतात. वाकांडाचा व्हायब्रेनियम हा धातू कल्पनेतला. कोल्टनपासून मिळणारा धातू आपल्या मोबाइलमध्ये असतो.