यंत्राचं नाक आणि बांगड्याचा चकवा

कोळीण बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून दाखवते. आत लालभडक असेल तर मासा ताजा, तपकिरी पडला असेल तर आपण पुढच्या टोपलीकडे सरकतो. जरा वाकून वासही घेतो. ही परीक्षा सहसा फसत नाही. पण बांगड्याच्या जातकुळीतल्या माशांत एक चकवा असतो. पकडल्यावर मासा काही तास बर्फाविना गरमीत पडून राहिला, तर त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लापासून काही जिवाणू हिस्टामिन बनवतात. मग तो बर्फात ठेवा, घरी आणून खरपूस तळा, हिस्टामिन जागचं हलत नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, तोंडाला मुंग्या येतात, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. वासाने मात्र त्या माशावर संशय आलेला नसतो, कारण हिस्टामिन हवेत उडतच नाही. नाकापर्यंत पोचायला पदार्थ आधी हवेत यावा लागतो.

हे आधीच सांगून टाकलं, कारण ‘इलेक्ट्रॉनिक नाक’, म्हणजे अन्नावरची हवा हुंगणारं सेन्सरचं यंत्र, म्हटलं की लोकांना वाटतं, आता विषबाधेची चिंता मिटली. या यंत्राचं मला कौतुक आहे. पण त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, ते नीट पाहायला हवं.

त्याला कळतं ते जिवाणूंचं उष्टं. जिवाणू अन्न पचवतात आणि नको ते बाहेर टाकतात. त्यातलं जे हवेत उडतं, त्याला आपण वास म्हणतो. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइल-अमाइन ऑक्साइड असतं. त्याला स्वतःचा वास नाही. ऑक्सिजन कमी पडला की काही जिवाणू श्वसनासाठी त्यातला ऑक्सिजन वापरतात आणि मागे उरतं ट्रायमिथाइल-अमाइन, म्हणजे शिळ्या मासळीचा तो उग्र दर्प. मांस कुजताना प्युट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन ही अमाइन्स तयार होतात. बर्लिनच्या लुडविग ब्रीगर यांनी १८८५च्या सुमारास ती वेगळी काढली, आणि नावंही सरळ ‘कुजणं’ आणि ‘प्रेत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ठेवली. इंडोलची गंमत आणखी वेगळी. ई. कोलाय हा जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतो. भरपूर असलं तर विष्ठेचा वास, आणि अगदी कणभर असलं तर मोगऱ्याच्या सुगंधातला एक भाग!

हे वायू पकडणाऱ्या सेन्सरचा जन्म स्वयंपाकघरातल्या वेगळ्याच भीतीतून झाला. जपानमध्ये घरगुती गॅसच्या गळतीने स्फोट होत. नाओयोशी तागुची यांनी १९६२मध्ये कथिलाच्या ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट मागितलं. युक्ती साधी आहे. हे ऑक्साइड दोन-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांवर चिकटतो आणि तिथले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे वीज वाहायला अडथळा होतो. गळलेला गॅस किंवा अमाइन तिथे आलं की ते त्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, इलेक्ट्रॉन सुटतात, विरोध कमी होतो. यंत्र फक्त हा विरोध मोजतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये असाच, काहीशे रुपयांत मिळणारा ‘एमक्यू-१३५’ हमखास दिसतो. असं एक प्रोजेक्ट मी जवळून पाहिलं. शिळ्या चिकनच्या डब्यावर सेन्सर धरला, लाल दिवा लागला, टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या बाईंनी हाताला सॅनिटायझर चोळलं आणि दिवा पुन्हा लागला. पोरं हिरमुसली. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्या सेन्सरला अमोनिया, अल्कोहोल, धूर सगळंच ‘काहीतरी आलं’ एवढंच कळतं. पावसाळ्यातली दमट हवासुद्धा त्याचं गणित बिघडवते.

यावरचा तोडगा इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सॉड आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२मध्ये मांडला. एक सेन्सर अचूक करत बसण्यापेक्षा वेगवेगळ्या स्वभावाचे सेन्सर शेजारी ठेवा आणि सगळ्यांचा मिळून जो नमुना येतो तो ओळखा. आपलं नाकही हेच करतं. माणसाच्या नाकात वास टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) सुमारे चारशे प्रकारचे असतात; कॉफीसाठी वेगळा, कांद्यासाठी वेगळा असं काही नसतं.

तापवायची गरज नसलेला सेन्सरही आहे, आणि तो मला फार आवडतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०१९मध्ये साध्या कागदावर कार्बनचे पट्टे छापले. कागद कोरडा वाटला तरी त्याच्या तंतूंत हवेतलं पाणी मुरलेलं असतं. अमोनिया किंवा ट्रायमिथाइल-अमाइन त्या पाण्यात विरघळलं की आयन, म्हणजे विद्युतभारित कण, तयार होतात आणि कागदातून वीज जास्त वाहू लागते. मांस-मासळीच्या पाकिटात हा तुकडा चिकटवला की आतल्या हालचालीचा अंदाज मोबाइलवर घेता येतो. एका तुकड्याचा खर्च अमेरिकेच्या दोन सेंटांइतका सांगितला होता.

इथवर सगळं नासण्याबद्दल झालं. खरी अडचण पुढे आहे. अन्न नासवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू हे बहुधा वेगवेगळे. विटलेल्या आमटीचा वास नाकाला कळेपर्यंत दर ग्रॅमला कोटभर जिवाणू झालेले असतात. साल्मोनेला या रोगजंतूला आजार घडवायला एवढी गर्दी लागत नाही. लिस्टेरिया हा दुसरा रोगजंतू फ्रिजच्या चार अंशांतही गुपचूप वाढतो. पाकिटावरचा सेन्सर तेव्हा ‘ठीक’ म्हणत असतो, आणि वायूपुरतं बोलायचं तर त्याचं म्हणणं खरंच असतं.

मग रोगजंतूंसाठी सेन्सरचा उपयोग कुठे? माझ्या मते पाकिटात नाही, प्रयोगशाळेत. साल्मोनेला शोधण्याच्या रूढ पद्धतीत २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर पोषक द्रवात घालून ३७ अंशांच्या आसपास रात्रभर ठेवतात. पुढच्या पायऱ्या धरून पक्का निकाल यायला चार-पाच दिवस जातात. तोवर दूध पिऊन झालेलं असतं. पण वाढणाऱ्या त्या द्रवावरची हवाच हुंगली तर? समजा नमुन्यात एकच ई. कोलाय होता आणि तो दर वीस मिनिटांना दुप्पट होतोय. आठ तासांत २४ वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख. अडीचशे मिलिलिटरमध्ये हे मिलिलिटरला जेमतेम ६७ हजार पडतात, वासाला अजून तोकडे. आणखी दोन तास थांबा, तीच संख्या ४३ लाखांवर जाते. प्रत्यक्षात जिवाणू रुळायला वेळ घेतात, म्हणून हिशेब थोडा लांबतो. तरी दिवसांची गोष्ट तासांवर येते.

इंडोल सापडलं म्हणजे ई. कोलाय नक्की, असं मात्र नाही. दुसरेही काही जिवाणू ते बनवतात, आणि साल्मोनेला सहसा बनवतच नाही. शिवाय आपल्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय आणि घातक ओ१५७ या दोघांचं इंडोल एकच. त्यामुळे सेन्सरने ‘इथे थांबा’ म्हणायचं आणि पुढची ओळख जनुकीय चाचणीने पटवायची, ही वाटणी मला पटते.

बांगड्यासाठी मात्र हाही उपाय नाही. हिस्टामिन मोजायचं तर माशाचा तुकडा वाटून द्रवात उतरवावा लागतो. टोपलीपाशी उभं राहून एवढंच विचारता येतं, की बर्फ होडीवरच घातला होता की बंदरावर आल्यावर.